आर्डिथबाईंचा कमोड

गेल्या रविवारी उपासना रंगात आलेली असताना आर्डिथ प्रुइट आणि डेल्बर्ट कॉम्ब्स ही दोघं चर्चच्या पुरुषांच्या संडासात आतून कडी लावून होती, ही बातमी ओपल रॅट्लिफनं सोमवारच्या न्याहारीच्या आत अख्ख्या लिक फोर्कला पोचवली. ओपल चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. बोटं पट्ट्यांवर आणि मान दाराकडे, अशी तिची साधना. सूर चुकेल, पण कोण कधी उठलं आणि कुठल्या दारात शिरलं हे चुकायचं नाही. आर्डिथबाई सत्तरीला टेकलेल्या, डेल्बर्ट ऐंशीच्या पलीकडचा. तरी गावाला बातमी गोड लागली. केंटकीच्या या डोंगरात करमणूक तशी कमीच.

आता खरं काय ते ऐका. आर्डिथबाई संडासात होत्या, हे खरं. कडी लावलेली होती, हेही खरं. पण डेल्बर्ट बाहेर होता. दाराला पाठ लावून, हात पसरून, घाईला आलेल्या संडे स्कूलच्या पोरांना थोपवत. आणि आत बाईंच्या सोबतीला जे होतं ते डेल्बर्टपेक्षा वयानं फारच लहान होतं, आणि भरलेलं होतं.

आर्डिथबाईंनी उभी हयात शाळेची बस हाकली. माणूस काय विसरतो आणि कुठं विसरतो, हे बसवाल्याइतकं कुणाला कळत नाही. दप्तरं, बूट, कुणाच्या तरी आजोबांची कवळी, एकदा तर चक्क जिवंत कासव. "माणूस बसला की विसरतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. निवृत्त झाल्यावर त्यांनी परीक्षा देऊन बंदूक शिकवायचा दाखला मिळवला आणि आगीच्या बंबाच्या शेडमध्ये शनिवारचा वर्ग काढला.

वर्ग कसला, शिक्षाच ती. कॉफी अशी की प्यायल्यावर माणसानं स्वतःहून गुन्हा कबूल करावा. हातात खरं पिस्तूल यायला कित्येक शनिवार जायचे, तोवर निळं प्लास्टिकचं खेळणं. बोट चापावर नको, नळीचं तोंड माणसाकडे नको, हे पालुपद इतक्या वेळा की घरी गेल्यावर लोक बायकोलाही चमचा नीट धर म्हणायचे. बाईंची जीभही काही मधात बुडवलेली नव्हती. चर्चचे पाळक ब्रदर वेंडेल यांना त्यांनी दोनदा नापास केलं होतं. "तुमचं लक्ष वर असतं, ब्रदर," त्या म्हणाल्या, "आणि गोळी खाली पायात जाते."

पण या वर्गाचं खरं दैवत होतं ते एक कमोड. हमरस्त्यावरचं जुनं मोटेल पाडलं तेव्हा बाईंनी तो मागून आणला, घासून लख्ख केला आणि फळ्याच्या शेजारी मांडला. नळ नाही, पाणी नाही, नुसता कमोड. प्रत्येकानं कमरेला पट्टा बांधून, पट्ट्याच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, निळं पिस्तूल खोचून सगळ्यांदेखत त्याच्यावर बसायचं, विजार उतरवल्याचा अभिनय करायचा आणि पिस्तूल कुठं जाणार ते सांगायचं.

"दाराच्या खुंटीला अडकवीन," कुणी म्हणे.

"नापास. बाहेरून दार ढकललं की पडेल."

"पुसायच्या कागदाच्या डब्यावर ठेवीन."

"नापास. तिथंच राहील."

"खाली फरशीवर."

"शी! ज्या हातानं नंतर नातवाला भरवणार, त्या हातात ते घेणार? उठ!"

बरोबर उत्तर एकच. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. उतरवलेल्या विजारीत, दोन्ही पावलांच्या मध्ये, डोळ्यांसमोर पडू द्यायचं. कारण विजार वर ओढल्याशिवाय कुणी बाहेर येत नाही, आणि विजार वर आली की तेही वर येतं.

या कमोडापाशीच त्यांचा जावई कॉर्बिन टॅकेट वर्गातून उठून गेला.

पोरगा तसा वाईट नाही, हेही सांगून टाकतो. टायरच्या दुकानात राबतो, बर्फ पडलं की म्हाताऱ्या बायकांच्या दारासमोरचा रस्ता न सांगता मोकळा करून देतो, आणि हसवतो छान. त्या दिवशी हसवायच्या नादातच गेला.

"मिस आर्डिथ, मी बंदूक शिकायला आलोय. बसायचं मला आईनं शिकवलंय."

"आईनं अर्धंच शिकवलंय. बस."

"नाही बसणार."

"मग उभ्यानंच जा."

तो गेला. वर्ग खो-खो हसला, आणि पुढच्या शनिवारी अर्धा वर्ग त्याच्या पाठोपाठ गेला. सरकारनंही त्याच सुमारास परवान्याची अट काढून टाकली. पिस्तूल बाळगायला ना वर्ग लागायचा ना परीक्षा. कॉर्बिननं मग गुरू केला मोबाइलला. काळा चष्मा आणि दाढीवाले बाप्ये मोबाइलच्या पडद्यावर येऊन ओरडायचे आणि हा सोफ्यावर चिप्स खात शिकायचा. गाडीखाली आडवं पडून नेम कसा धरावा, एका हातात सँडविच असताना दुसऱ्या हातानं पिस्तूल कसं उपसावं, सगळं आलं. इतक्या खिशांची विजार घेतली की गाडीची किल्ली शोधायला अर्धी सकाळ जायची. होल्स्टर वापरणं त्यानं सोडलं. त्याच्या दाढीवाल्याचं म्हणणं, कमरेत नुसतं खोचलं की वेळ वाचतो.

कॉर्बिनच्या घरी कपडे धुण्याच्या यंत्राला एक भोक पडलंय. त्याची बायको शेल्बी, म्हणजे बाईंची लेक, म्हणते, गंजलं. आर्डिथबाईंनी ते भोक पाहिलं होतं. गंज असा गोल, बोटाच्या मापाचा पडत नाही, आणि पत्रा गंजानं आत वळत नाही. लेकीच्या संसारात किती नाक खुपसायचं, याचं माप त्या रोज घ्यायच्या आणि रोज एक बोट मागं सरायच्या.

पण आता गोष्ट घराबाहेर आली होती. दूरच्या कुठल्याशा गावात चर्चमध्ये गोळीबार झाल्याची बातमी आली तेव्हापासून लिक फोर्कच्या चर्चनंही आपले राखणदार नेमले होते. शर्टाखाली पिस्तूल लावून चार-पाच पुरुष दारांवर उभे राहायचे. आजवर आर्डिथबाईंनी पास केलेल्यालाच ती परवानगी होती. ते आता सगळ्यांनाच नकोसं झालं होतं. शनिवारी फुटबॉल असतो. म्हणून कारभाऱ्यांनी ठरवलं होतं की त्या रविवारी, वार्षिक जेवणावळ उरकली की बैठक घ्यायची, बाईंना आभाराची फुलं द्यायची, आणि राखणदारांची शिकवण कॉर्बिनकडे सोपवायची. तो भिंतीवर व्हिडिओ दाखवेल, सगळे कोक पीत बघतील, आणि झाले तयार. पोराबाळांनी भरलेल्या चर्चमध्ये भरलेलं पिस्तूल घेऊन कोण उभं राहणार, हे यापुढे कॉर्बिन ठरवणार होता. बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी बनाना पुडिंग केलं, लेकीला तोंडदेखलं हसून दाखवलं आणि नेहमीच्या बाकावर जाऊन बसल्या.

डेल्बर्टचं मूत्राशय हे या चर्चचं घड्याळ आहे. दुसरं गीत आलं की तो उठतो. त्या दिवशी उठला, गेला, आणि विजारीची बटणं लावतच परत आला, तो थेट बाईंच्या बाकाशी. डेल्बर्टला कमी ऐकू येतं, म्हणून त्याची कुजबुज तीन बाकांना पुरते.

"आर्डिथ, आत कुणाचं तरी राहिलंय."

"काय राहिलंय? दात?"

"दात नाही गं. पिस्तूल. कागदाच्या डब्यावर. तू शिकवलंस तसा हात नाही लावला."

नशीब, ओपलचा ऑर्गन जोरात होता. बाई उठल्या. मागच्या खोलीतून संडे स्कूलची पोरं रांगेनं निघालेलीच होती, एकमेकांना ढकलत, आणि रांगेत दुसरा त्यांचा नातू, कॉर्बिनचा पाच वर्षांचा वेस्ली. बाईंनी पोरांना भिंतीशी रेटलं, डेल्बर्टला दारात रोवलं आणि स्वतः आत शिरून कडी लावली.

आतलं वर्णन टाळता आलं असतं तर टाळलं असतं. फरशी ओली, कशानं ते विचारू नये. हात धुवायच्या भांड्यापाशी एक थेंब पाणी नाही, म्हणजे ओलं व्हायला हवं होतं ते कोरडं आणि कोरडं हवं ते ओलं. कमोड जसा वापरला तसाच सोडलेला. आणि त्या सगळ्या वैभवाच्या वर, कागदाच्या डब्यावर, पिस्तूल. खाली बारकी टॉर्च जोडलेली, मुठीला वाळूच्या रंगाची पट्टी. ही टॉर्च कॉर्बिननं नाताळात सगळ्यांच्या तोंडावर मारून दाखवली होती. नळीचं तोंड दाराकडे, म्हणजे रांगेकडे. होल्स्टर नाही.

बाईंनी नाक आवळलं आणि नळी जाड दगडी भिंतीकडे वळवली. मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची डबी, काढलं. मग नळीत बसलेलं काडतूस काढायला वरचा भाग मागे खेचला. काडतूस उडालं, फरशीवर पडलं आणि गडगडत गेलं ते नेमकं कमोडच्या मागं, जिथं झाडू पोचत नाही आणि देवाची नजरही पोचत नसावी.

"आजी! लवकर! मला लागलीय!" बाहेरून वेस्ली.

"धरून ठेव!" आतून बाई.

त्या गुडघ्यांवर बसल्या. रविवारचा निळा झगा त्या ओल्यावर टेकला. हात कोपरापर्यंत मागं घातला, आणि बोटांना आधी जे लागलं ते काडतूस नव्हतं. सबंध बसभर पोरं एकदम ओकली होती, ते साफ करतानाही बाईंना इतकी किळस आली नव्हती. पण काडतूस हाताला लागेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मग रिकामं पिस्तूल जेवणावळीत वाढायला आणलेल्या ॲप्रनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकलं, काडतुसं वेगळी झग्याच्या खिशात, आणि उरलेलं आवरून दार उघडलं. पोरं आत घुसली. ओपलनं मान वळवून पाहिलं तो क्षण नेमका हा: विस्कटलेली आर्डिथ, गुडघ्याला ओला झगा, आणि दाराशी घामाघूम डेल्बर्ट.

कॉर्बिन चर्चच्या समोरच्या दारात उभा होता; बाईंनी पास केलेला नसला तरी बैठकीची वाट न बघता कारभाऱ्यांनी त्या दिवशी त्याला राखणीला लावलं होतं. काळा चष्मा, पाय फाकवलेले, एक हात कमरेजवळ तयारीत. गरुडासारखी मान फिरवत तो रस्त्यावरून जाणाऱ्या दुधाच्या टँकरलाही तपासत होता. कमरेला काहीच नाही. त्याला पत्ता नाही. उपासना होईतो लिक फोर्कच्या जिवांची राखण एका रिकाम्या शर्टानं केली.

प्रार्थना संपल्यावर त्याचा हात शर्टावर दाबला गेला, आणि थांबला. बाई खिडकीतून बघतच होत्या. तो पळाला. संडासात शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला, पुन्हा बाहेर आला तेव्हा चष्मा डोक्यावर होता आणि चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा.

आता ओरडेल, असं बाईंना वाटलं. विसरण्याचं त्यांना काहीच नव्हतं. माणूस विसरतोच, म्हणून तर कमोड. पण विसरलं की आधी ओरडायचं, अब्रू मागून वेचायची, हे त्यांच्या वर्गातलं पहिलं वाक्य. मैदानावर पोरं धावत होती, टेबलं मांडली जात होती, आणि कॉर्बिनच्या माहितीप्रमाणे यातल्या कुणाच्याही खिशात भरलेलं पिस्तूल असू शकत होतं. एकदा ओरडला असता तर बाईंनी तिथल्या तिथं पर्स उघडून त्याला मिठी मारली असती.

तो ताट घेऊन रांगेत उभा राहिला.

बाई त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. "काही हरवलंय का रे, पोरा?"

"छे. काही नाही, मिस आर्डिथ."

"तोंड उतरलंय."

"ऊन आहे जरा."

"वेस्ली मघाशी पुरुषांच्या संडासात गेला होता हं," त्या चिकनचा तुकडा उचलत सहज म्हणाल्या. "सगळ्या पोरांबरोबर. रांगेत दुसरा होता."

कॉर्बिननं ताट तसंच टेबलावर ठेवलं. झोकात पोराकडे गेला, "ये रे वाघा!" म्हणत त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि मिठीच्या आडून त्याचे खिसे चाचपले. पुढचे, मागचे, पोटऱ्याही. काही नव्हतं. मग त्यानं हुश्श केलं, पोराला खाली ठेवलं आणि येऊन ताट उचललं. चिकन, फरसबी, मक्याची पोळी, वर अंडी. नीट जेवला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मघाशी फरशीवर आली होती ती किळस बाईंना पुन्हा आली, आणि या खेपेला समोर फक्त जेवण होतं. स्वतःचं पोर चाचपलं. बाकीची वीस लोकांची आहेत, त्यांचं त्यांनी बघावं. शेल्बी शेजारी बसून नवऱ्याच्या ताटात पुडिंग वाढत होती. बाईंनी लेकीकडे बघितलं, आणि रोज एक बोट मागं सरायचं ते त्या दिवशी राहून गेलं.

बैठक तळघरात भरली. टेबलावर फुलं आधीच ठेवलेली होती. ब्रदर वेंडेल खाकरले, आर्डिथभगिनीनं दिलेल्या सेवेबद्दल चार शब्द बोलले, मग कॉर्बिनला पुढं बोलावलं. कॉर्बिन आला, आणि काय सांगावं, बोलला झकास. जग बदललंय, गुन्हेगार शनिवारी वर्गाला बसत नाहीत, घरबसल्या जगातले उत्तम गुरू मिळतात. "आणि मिस आर्डिथचा मला आदर आहे," तो हसत म्हणाला, "पण हल्लेखोर आला तर मी त्याला म्हणू का, थांब बाबा, मी अजून पॉटीवर पास नाही झालो?"

तळघर हसलं. दोनदा नापास झालेले वेंडेल सगळ्यात मोठ्यानं.

"ब्रदर कॉर्बिन," एक कारभारी म्हणाला, "तो सँडविचवाला डाव दाखव की! रिकामं करून दाखव."

कॉर्बिनचा हात कमरेकडे गेला, आणि वाटेतच छातीवर येऊन थांबला. मान खाली घालून तो हळू आवाजात म्हणाला, "माफ करा. देवाच्या घरात मी शस्त्र बाहेर काढणार नाही."

अहाहा! एक-दोघींनी 'आमेन' म्हटलं. वेंडेलनी डोळे मिटले. इतका भाविक पोरगा!

आर्डिथबाई उठल्या. पर्स उघडली, ॲप्रन टेबलावर ठेवून उलगडला, आणि पिस्तूल फुलांच्या शेजारी ठेवलं.

"बरोबर बोललास, पोरा," त्या म्हणाल्या. "देवाच्या घरात नको. देवाच्या संडासात चालतं."

मग खिशातून काडतुसं काढून एकेक मांडली. शेवटचं जरा वेगळं, रुमालात गुंडाळलेलं. "याला हात लावू नका. हे कमोडच्या मागून काढलंय."

आधी कॉर्बिनलाच तोंड फुटलं. "ही... ही परीक्षा होती," तो म्हणाला. "मी मुद्दाम ठेवलं. राखणदार किती सावध आहेत ते बघायला."

आणि शिसारी यावी अशी गोष्ट ही, की दोन-तीन माना हलल्यासुद्धा! हो, परीक्षा असेल. व्हिडिओत असतं तसं काहीतरी.

"परीक्षा होती?" बाई म्हणाल्या. "मग जेवणाच्या रांगेत मी विचारलं तेव्हा निकाल का नाही सांगितलास? आणि परीक्षा होती तर पोराचे खिसे का चाचपलेस? आपल्याच पोराचे?"

शेल्बी मागच्या बाकावर होती. वेस्ली तिच्या मांडीवर झोपला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, ते यंत्र गंजलेलं नव्हतं." तेवढंच. पोराला खांद्यावर घेतलं आणि आईच्या गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर बैठकीत ठरवायला फारसं उरलं नाही. आर्डिथबाईंनी पास केल्याशिवाय दारावर कुणी उभं राहायचं नाही, हा जुनाच ठराव नव्यानं झाला. फुलं मात्र परत कोण नेणार म्हणून बाईंनाच दिली. त्यांनी ती डेल्बर्टला दिली, आणि ओपलच्या बातमीला आणखी एक पाय फुटला.

परवाच्या शनिवारी शेड भरली होती. बरेच जण शिकायला कमी आणि बघायला जास्त आले होते. कॉर्बिनही आला. दाढी केलेली, साधी दोन खिशांची विजार. शेल्बीची अट होती, असं म्हणतात. बाईंनी त्याला जावई म्हणून मागं बसू दिलं नाही आणि सगळ्यांत आधी बोलावून उगाच छळलंही नाही. त्याची पाळी आली तेव्हा तो उठला, कान लाल करून कमोडवर बसला, आणि निळं पिस्तूल होल्स्टरसकट पावलांमध्ये ठेवून म्हणाला, "इथं. विजारीत. डोळ्यांसमोर."

"पास," बाई म्हणाल्या. "पुढचा."

ओपल दाराशी उभी होती. कॉफी पिऊन तोंड वाकडं झालेलं, पण प्रश्न विचारल्यावाचून राहवेना. वर्ग सुटता सुटता ती बाईंना गाठून गोड आवाजात म्हणाली, "ते सगळं ठीक गं, आर्डिथ. पण एक सांग. पिस्तूल उचलून पर्समध्ये टाकायला कितीसा वेळ लागतो? दुसरं गीत संपलं, तिसरं सुरू झालं, तरी तू आतच. पुरुषांच्या संडासात इतका वेळ काय करत होतीस?"

आर्डिथबाईंनी निळं पिस्तूल खणात ठेवलं, खणाला कुलूप घातलं.

"फ्लश करत होते," त्या म्हणाल्या. "तेही कॉर्बिनच्या व्हिडिओत कुणी दाखवत नाही."